पहिल्या सोळा बाइटपासून विंडोजपर्यंत

'विंडोज मारली, पण आता लॅपटॉप सुरूच होत नाही.' कारंजा तालुक्यातलं कामरगाव असो की वाशीमची बाजारपेठ, संगणक दुरुस्तीच्या टेबलावर हे वाक्य नेहमीचं. लॅपटॉप पीक विम्याचे अर्ज भरणाऱ्याचा असतो, नाहीतर कॉलेजातल्या पोरीचा. टक्केवारी चढता चढता अडते, किंवा काळ्या पडद्यावर एकच ओळ येऊन बसते. मग बहुतेक जण पेनड्राइव्ह पुन्हा खोचतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. माझं म्हणणं, आधी ती ओळ वाचा. यंत्र नेमकं कुठे अडलं हे त्यानं सांगितलेलं असतं, आणि ते समजायला लागलं की लॅपटॉपकडे बघायची नजरच बदलते.

बटण दाबलं त्या क्षणी लॅपटॉपला काहीही माहीत नसतं. रॅम अजून वापरण्याजोगी नसते, डिस्क आहे की नाही याचा पत्ता नसतो, पडदा तर फार पुढची गोष्ट. इंटेलच्या प्रोसेसरला जन्मतः एकच ठिकाण ठाऊक असतं: ४ जीबीच्या हद्दीला १६ बाइट उरले असताना येणारा पत्ता. १९८५ च्या ३८६ प्रोसेसरपासून तो चालत आला आहे. तिथे मदरबोर्डवरच्या नखाएवढ्या चिपमधली पहिली आज्ञा वाचली जाते. सोळा बाइटांत मावणार तरी काय? 'अमुक ठिकाणी जा', बस्स. त्या उडीनंतर चिपमधला प्रोग्रॅम, ज्याला आपण अजूनही बायोसच म्हणतो, रॅम जागी करतो, डिस्क शोधतो, डिस्कवरच्या एका छोट्या कप्प्यातली बूट फाइल उचलतो. ती फाइल विंडोजचा गाभा उचलते. प्रत्येकाला फक्त पुढच्याची ओळख. शून्यातून हे सगळं काही सेकंदांत उभं राहतं, दररोज, आणि आपण तेवढ्यात चहा ओतत असतो!

यातूनच पहिला दिलासा मिळतो. कंपनीचं चिन्ह पडद्यावर उमटलं, तर सुरुवातीचे टप्पे शाबूत आहेत. विंडोज टाकताना मध्येच लाइन गेली आणि बॅटरी आधीच मेलेली असली, तरी लॅपटॉप कायमचा जात नाही. बायोस वेगळ्या चिपमध्ये सुखरूप असतो, पुन्हा सुरुवात करता येते. बायोस अपडेट करताना लाइन जाणं मात्र खरोखर धोक्याचं. ते काम चार्ज झालेल्या बॅटरीशिवाय करूच नये.

आता सगळ्यात घाबरवणारा प्रकार. विंडोज कुठे टाकायची हे विचारणारी चौकट येते आणि ती रिकामी असते. डिस्कच नाही. 'एसएसडी गेली' असा निकाल लगेच दिला जातो, गिऱ्हाईक नवी डिस्क घ्यायला निघतं. थांबा. लॅपटॉप इंटेलच्या अकराव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असेल, तर त्यात बहुधा व्हीएमडी नावाची व्यवस्था असते. एसएसडी थेट दिसण्याऐवजी तिच्याआड उभी असते, आणि पेनड्राइव्हवरच्या विंडोजकडे तिच्याशी बोलायचा ड्रायव्हर नसेल, तर चांगली धडधाकट डिस्क विंडोजला अदृश्य असते. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर घ्या, अनझिप करून पेनड्राइव्हवर ठेवा, त्याच चौकटीतल्या 'लोड ड्रायव्हर'वर टिचकी द्या. रिकाम्या चौकटीत डिस्क प्रकट होते. विनाकारण बदलल्या जाणाऱ्या चांगल्या डिस्का बघून मला खरंच वाईट वाटतं.

दुसरा अडथळा डिस्कच्या नोंदवहीचा. १९८३ साली पीसी डॉस २.० बरोबर आलेली एमबीआर ही जुनी पद्धत. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत ४४६ बाइटांचा प्रोग्रॅम, ६४ बाइटांत चार कप्प्यांच्या हद्दी, आणि शेवटचे दोन बाइट सही म्हणून. एवढ्यावर जगभरातले संगणक कित्येक वर्षं चालले. पण त्या नोंदीत २ टीबीपलीकडची जागा मांडताच येत नाही. नव्या जीपीटी पद्धतीत १२८ कप्पे सहज बसतात आणि नोंदवहीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. 'ही डिस्क एमबीआर आहे, इथे विंडोज बसणार नाही' असा संदेश आला, तर डिस्क खराब नाही, पद्धतींचा मेळ नाही. अनेक लॅपटॉपांच्या बूट यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा 'यूईएफआय' (म्हणजे नव्या पद्धतीचा बायोस) ही अक्षरं घेऊन आणि एकदा त्यांच्याशिवाय. यूईएफआयच्या ओळीला जीपीटी लागते, दुसरीला एमबीआर; कुठली ओळ निवडली यावर पुढचं सगळं ठरतं. विंडोजच्या 'डिस्कपार्ट'मधली 'क्लीन' आज्ञा देऊन वाट मोकळी करता येते, पण ती पूर्ण डिस्कची नोंद पुसते. लग्नाचे फोटो डी ड्राइव्हवर असले तरी ती विचारत नाही.

टक्केवारीत अडलेल्या विंडोजचं निदान मला सगळ्यात आवडतं. दर वेळी त्याच टक्क्याला अडत असेल, तर संशय पेनड्राइव्हवर किंवा उतरवलेल्या फाइलवर. दर वेळी वेगळ्या टक्क्याला अडत असेल, तर रॅम किंवा तापणारा लॅपटॉप. मग रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवावी. ०एक्स८००७०५७० हा आकडा आला, तर विंडोज सरळ सांगते आहे की फाइल वाचता येत नाही. फाइल तपासायला तर विलक्षण साधन आहे. विंडोजची उतरवलेली आयएसओ फाइल ५ जीबीच्या वर, म्हणजे किमान ४,००० कोटी बिट. विंडोजमधल्याच 'सर्टयुटिल'ला ती दिली, की एसएचए-२५६ पद्धतीने ६४ अक्षरांची खूण निघते. त्या ४,००० कोटींतला एक बिट जरी उलटला, तरी खुणेतले जवळपास निम्मे बिट बदलतात. मायक्रोसॉफ्टने दिलेल्या खुणेशी अक्षर न अक्षर जुळलं, तर फाइल निर्दोष. अर्ध्या रेंजमध्ये, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवलेल्या फाइलची शहानिशा गावात बसून एका ओळीत होते.

आणि सगळं बिनबोभाट पार पडल्यावर येणारा आपल्याकडचा खास धक्का: जुनी मराठी कागदपत्रं उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चुरा. 'विंडोज मारली आणि फाइली उडाल्या' अशी ओरड होते. फाइली जिथल्या तिथे असतात. कृतिदेवसारख्या फाँटमध्ये देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. 'कामरगाव' असं दिसायचं, तेव्हा फाइलमध्ये प्रत्यक्षात डी, के, ई, जे, एक्स, के, ओ एवढंच लिहिलेलं असायचं: डी म्हणजे क, के म्हणजे काना, ई म्हणजे म. फाँट गेला की मुखवटा गेला, आतली अक्षरं उघडी पडली. फाँट परत टाकला की तोच मजकूर पुन्हा मराठीत उभा राहतो. युनिकोडमध्ये ही अडचण नाही, कारण तिथे 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो कुठल्याही फाँटमध्ये 'क'च राहतो.

म्हणून विंडोज मारायच्या आधी तीन गोष्टी पेनड्राइव्हवर घ्या: आपल्या फाइली, स्टोरेज ड्रायव्हर आणि कृतिदेवचा फाँट. ग्रामपंचायतीचे, पतसंस्थेचे, शाळेचे जुने दस्त कृतिदेवात असतील, तर ते युनिकोडमध्ये बदलून घ्यायला याच महिन्यात सुरुवात करा.