मुक्काम डिकीत की टपावर?

मे महिना संपत आला की भंडारदऱ्याच्या वाटेवर काजवे पाहायला निघालेल्या गाड्यांची रांग लागते. झाडेच्या झाडे एका तालात उघडमीट करत असतात. ते पाहता पाहता रात्र वर येते आणि मग मुक्कामाचा प्रश्न उभा राहतो. गावातली घरे, तंबू, हॉटेले सगळे आधीच भरलेले. "एवढी मोठी गाडी आहे की आपली, आतच झोपू," असे कोणीतरी म्हणते. पुढच्या सीटची पाठ मागे पाडली जाते. दोन वाजता कंबर बोलायला लागते. तीन वाजता काचा आतून घामेजतात. चार वाजता कोणीतरी एसीसाठी इंजिन सुरू करायची सूचना करते. पहाटे त्या गाडीतून उतरलेली मंडळी रात्रभर एसटीत उभ्याने प्रवास करून आल्यासारखी दिसतात.

गाडी पाच मीटरला थोडी कमी लांब, आणि तरी साडेपाच फुटांच्या माणसाला पाय पसरता येत नाहीत! याचे उत्तर गाडीच्या किमतीत सापडत नाही. अंग सपाट पडते का, खालून गारवा चढतो का आणि आत हवा खेळती राहते का, या तीन गोष्टींवर गाडीतली झोप ठरते. गादी, फळी, तंबू यांची खरेदी त्यानंतरची.

गाडीत झोपण्याची हौस जुनी आहे. अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३६ सालीच मागच्या सीटची पाठ उचलून डिकीत पाय सोडता येतील अशी सोय मोटारीत दिली होती. जर्मनीत वेस्टफालिया कंपनीने १९५१ मध्ये फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी 'कॅम्पिंग बॉक्स' काढला. दिवसा बसायचे सामान, रात्री बिछाना. टपावरचा तंबू १९५०च्या दशकात इटलीत आला. पुढे पूर्व जर्मनीत तर चिमुकल्या ट्राबांट गाडीच्या डोक्यावरही तंबू चढला. जपानी भाषेत गाडीत रात्र काढण्याला 'शाचूहाकु' असा स्वतंत्र शब्दच आहे, आणि तिथे हा प्रकार लहानशा केई गाड्यांमध्येही चालतो. आपल्याकडे आषाढी वारीत दिंडीबरोबरचा ट्रक दिवसा सामान वाहतो आणि रात्री कित्येक वारकऱ्यांचे छप्पर होतो. तिथे ताडपत्री, सतरंजी आणि घोंगडे एवढ्यावर भागते, कारण ट्रकचा हौदा मुळातच सपाट असतो.

एसयूव्हीचा मजला तसा नसतो. खरी गोम इथे आहे.

महाराष्ट्राला या गाड्या परक्या नाहीत. १९९४ सालच्या टाटा सुमोचे नावच सुमंत मुळगावकरांच्या नावातली आद्याक्षरे जोडून झालेले. सफारी पुण्याची, थार नाशिकची, एक्सयूव्ही ७०० आणि स्कॉर्पिओ-एन चाकणच्या. पण रात्रीच्या दृष्टीने त्यांच्यात मोठा फरक पडतो. एक्सयूव्ही ७०० किंवा सफारीची तिसरी रांग दुमडून मजल्याला टेकते, म्हणून तिथे बिछान्याचा पाया आयता मिळतो. स्कॉर्पिओ-एनची तिसरी रांग दुमडून पुढे उलटते, पण मजल्यात जात नाही. इनोव्हा क्रिस्टा आणि फॉर्च्युनरमध्ये तिसऱ्या रांगेतल्या सीट दोन बाजूंना वर टांगल्या जातात, त्यामुळे रुंदी घटते. मधल्या रांगेत दोन सुट्या सीट असलेली सहा आसनी गाडी बसायला ऐसपैस. झोपताना मात्र नेमकी कमरेखाली खाच येते. तीन दारांच्या थारमध्ये एकट्यानेही तिरके झोपावे लागते. उलट तिच्याच लांबीच्या पाच दारांच्या जिम्नीत पुढच्या सीटची डोकी काढून पाठ मागे पाडली की ती मागच्या सीटला जवळपास जुळते. रात्र निघते, पण उंचसखलपणा पाठीला कळतो.

म्हणून आधी टेप घ्यायचा. मागचे दार बंद करून, पुढच्या सीट शक्य तितक्या पुढे सरकवून, दारापासून सीटच्या पाठीपर्यंतचे अंतर मोजायचे. आपल्या उंचीपेक्षा ते निदान चार बोटे जास्त हवे. मग मागच्या दोन चाकांच्या कमानींमधली रुंदी मोजायची. ती बहुतेक गाड्यांत साधारण साडेतीन फुटांच्या आसपास निघते. घरच्या डबलबेडच्या मापाची गादी तिथे कमानींवर चढून दोन्ही कडांना उभी राहते. शेवटी उंची. फळी टाकून तिच्यावर गादी घातल्यावर उठून बसता आले पाहिजे, नाहीतर रात्री कपडे बदलणे ही कसरत होते.

दुमडलेल्या सीट आणि डिकीचा मजला यांच्यात पायरी राहिली तर ती बुजवण्याचे दोन मार्ग. स्वस्त मार्ग म्हणजे खोलगट भागात सामानाच्या सपाट पेट्या आणि घट्ट भरलेल्या पिशव्या बसवून वर गादी. पक्का मार्ग म्हणजे सुताराकडून प्लायवूडची बिजागरीची फळी करून घेणे. तिच्याखाली भांडी, शेगडी, पाण्याचे कॅन मावतात आणि रात्री सामान बाहेर काढावे लागत नाही. फळी मात्र गाडीला पट्ट्याने घट्ट बांधलेली हवी, कारण जोरात ब्रेक लागला की सुटी फळी पुढच्या माणसाच्या मानेवर येते. सीट कायमच्या काढून टाकण्याचा मोह टाळलेला बरा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या फेरबदलांवर मर्यादा घालते आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांविरुद्ध निकाल दिला आहे. बोल्ट खोलण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे.

आता गादी. ऑनलाइन मिळणारी, गाडीच्या आकाराची, दोन बाजूंना उशा असलेली फुग्याची गादी दिसायला झकास असते. तिची अडचण पदार्थविज्ञानाची आहे. संध्याकाळी ३० अंशांत टम्म फुगवलेली गादी पहाटे ५ अंशांवर आली की आतल्या हवेचे आकारमान सुमारे ८ टक्क्यांनी घटते. भोक नसतानाही ती पहाटे मऊ पडते ती यामुळे. शिवाय तिच्या पोटातली हवा मोकळी फिरत राहते आणि अंगाची ऊब खालच्या पत्र्याला पोचवते. अंगावर दोन रग आणि पाठ मात्र बर्फ, ही तक्रार तिथूनच येते. घाटात उलटे घडते. वेफर्सचे पाकीट जसे वर चढताना फुगते, तशी अर्धवट भरून बंद केलेली गादीही फुगते. चढताना तिचे झाकण उघडे ठेवावे.

गादी खालून येणारा गारवा किती अडवते, याला 'आर' मूल्य म्हणतात. २०१८ मध्ये त्याच्या मोजणीचे एक सामाईक मानक ठरले, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाद्यांची तुलना आता करता येते. उन्हाळ्यात १ ते २ पुरते, गोठवणाऱ्या थंडीत ४च्या वर हवे, बर्फावर त्याहूनही जास्त. ही मूल्ये एकावर एक बेरजेने वाढतात. म्हणजे फोमची साधी चटई खाली आणि आतून फोम असलेली फुगणारी गादी वर, अशी जोडी महागड्या एका गादीची बरोबरी करू शकते. घरची गोधडी पाठीखाली चांगली, पण ती दमट झाली की ऊब धरत नाही. कोकणात तर हा हिशेबच उलटा. तारकर्लीच्या मे महिन्यात खालून गारवा आला तर हवाच असतो. तिथे पैसे गादीवर न घालता खिडकीच्या जाळीवर घालावेत.

कारण तिसरी गोष्ट हवा. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात निदान पेलाभर पाणी बाहेर पडते. काचा पूर्ण लावल्या की ते काचेवर आणि पत्र्यावर जमते आणि पहाटे पांघरुणावर ठिबकते. समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटे खाली ठेवल्या, तर वारा आरपार जातो. दारावर मोज्यासारखी चढवायची मच्छरदाणी मिळते. ती काचेच्या बाहेरून येते, त्यामुळे काच हवी तेवढी उघडता येते.

गैरसोय कशीबशी सोसता येते. विषारी वायूला मात्र क्षमा नाही. बंद गाडीत इंजिन, सिगडी, गॅसची शेगडी किंवा जनरेटर यांपैकी काहीही जळू लागले की कार्बन मोनॉक्साइड जमू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि झोपलेला माणूस जागा न होता जातो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे हिमवादळात गाड्या अडकून वीसहून अधिक जण गाड्यांमध्येच दगावले. त्यातल्या काहींचा जीव, गाडी सुरू ठेवल्यामुळे आत साचलेल्या धुराने गेल्याचे तेव्हा सांगितले गेले. बर्फाने सायलेन्सर बुजला की धूर आत येतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. जनरेटरचा वायू आत शिरल्याचे तपासातून पुढे आले. म्हणून उबेसाठी गरम पाण्याची पिशवी आणि चांगली झोपपिशवी, आणि स्वयंपाक नेहमी बाहेर. विजेवरच्या गाडीला या बाबतीत सूट आहे. तिच्यात जळण नसल्यामुळे एसी रात्रभर चालवता येतो. टाटा नेक्सॉनच्या २०२३च्या विजेवरच्या गाडीत तर बॅटरीतून बाहेरचे उपकरण चालवण्याचीही सोय आली. फक्त सकाळी पुढच्या चार्जिंगपर्यंत पोचण्याइतके किलोमीटर शिल्लक हवेत.

टपावरच्या तंबूला वेगळीच ऐट. खाली चिखल असो, विंचू असो, आपण वर. आत सपाट गादी तयार, आणि डिकी सामानाला मोकळी. मात्र असा तंबू साधारण ४५ ते ८० किलोंचा असतो. टपाची क्षमता दोन प्रकारे बघावी लागते. धावत्या गाडीचा टप वळणावर आणि खड्ड्यात जे वजन पेलतो ते कमी, उभ्या गाडीचा पेलतो ते कितीतरी जास्त. म्हणजे तंबू, कॅरिअर आणि आडव्या दांड्या मिळून पहिल्या आकड्यात बसल्या पाहिजेत. रात्री वर चढणारी दोन माणसे दुसऱ्या आकड्यात मोजायची. हे आकडे गाडीच्या माहितीपुस्तिकेतून किंवा कंपनीकडून घ्यावेत. कित्येक गाड्यांवरच्या चकचकीत रेल नुसत्या शोभेच्या असतात. शिवाय वजन डोक्यावर गेले की घाटात गाडी जास्त झुलते, इंधन जास्त लागते आणि सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगची कमान अचानक बुटकी होते.

सह्याद्रीत वळवाचे दिवस असतील तर आणखी एक हिशेब आहे. धातूच्या बंद गाडीत वीज पत्र्यावरून वाहत जमिनीत उतरते, आतला माणूस बऱ्यापैकी सुरक्षित राहतो. उघड्या पठारावरच्या तंबूला, मग तो जमिनीवरचा असो की टपावरचा, ते संरक्षण नाही. ढग गडगडू लागले की शिडी उतरून आत बसावे आणि काचा वर घ्याव्यात. मागच्या दाराला जोडायचा जमिनीवरचा तंबू हा यातला मधला पर्याय. मुले आत, मोठी माणसे बाहेर, आणि पाऊस आला तर सगळे आत.

बिछाना जमला तरी जागा चुकली तर रात्र वाया जाते. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणे आणि पर्यटनस्थळी उघड्यावर चूल मांडणे, दोन्हींना दंड आहे. कोकणात कोरड्या दिसणाऱ्या वाळूवर उभी केलेली गाडी भरतीत सापडल्याच्या बातम्या दर सुटीत येतात. तिथल्या माणसांचे ढोबळ गणित सोपे आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळीही. भंडारदऱ्याचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे, तेव्हा काजव्यांच्या दिवसांत वनखात्याच्या वेळा पाळाव्या लागतात आणि गाडीचे दिवे मालवावे लागतात. स्पितीतल्या चंद्रतालच्या काठावर तंबू ठोकायला बंदी आहे, मुक्काम अलीकडे काही किलोमीटरवर करावा लागतो. मनालीहून थेट तिथे झोपायला जाणे म्हणजे एका दिवसात सुमारे २,२०० मीटर वर चढणे. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असे वैद्यकीय मार्गदर्शन सांगते. तिथे कितीही भारी गादी असली तरी डोकेदुखी आणि मळमळ झोपू देत नाही.

जाणकार मंडळी म्हणून पहिला मुक्काम घरच्याच पार्किंगमध्ये करतात. संध्याकाळी जेवून खाली उतरायचे, फळी टाकायची, गादी फुगवायची, जाळ्या चढवायच्या आणि खरोखर रात्र काढायची. रात्री अकराला वॉचमन टॉर्च मारून चौकशी करतो. मागचे दार पूर्ण लागले नाही तर आतला दिवा जळत राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते, हा धडा तिथेच मिळतो. गाडीचे तोंड किंचित चढाकडे असेल तर डोकेही पुढच्या बाजूला ठेवावे लागते, हेही. पहाटे कुठे टोचले, कुठे गार लागले, टॉर्च कुठल्या पिशवीत सापडला नाही, याची यादी फोनमध्ये लिहून वर जायचे आणि आपल्या बाथरूममध्ये गरम पाण्याने आंघोळ करायची.