धरणाची दुसरी बाजू बघितलीय कधी?

पाऊस लागला की ग्रुपवर पहिला मेसेज कुठला येतो? ‘धरणावर जायचं का?’ मग बाईक, भजी आणि भिंतीवर रांगेत बसून फोटो. फोटोत पाणी असतं. गावाकडे उतरणारी भिंतीची दुसरी बाजू कधीच नसते.

तिच्यासाठी जरा अमेरिकेत जाऊ. जॉर्जिया राज्यात टोकोआ फॉल्स इथे एक कॉलेज आहे. 186 फुटी धबधबा, खाली कॅम्पस आणि धबधब्याच्या वर तेव्हा केली बार्न्स नावाचं मातीचं धरण होतं. उंची जेमतेम 38 फूट. 1899 मधल्या लाकूड-दगडाच्या बांधावरच संस्थेने पुढे विजेसाठी माती चढवली. 1957 मध्ये वीजनिर्मिती थांबली, तळं उरलं मासे पकडायला आणि फिरायला. धरणाचं काम संपलं की त्याच्याकडे बघणाराही संपतो, हे आपल्याकडेही काही वेगळं नाही.

6 नोव्हेंबर 1977 च्या मध्यरात्री, दीडच्या सुमारास, मुसळधार पावसानंतर ते फुटलं. सगळे झोपेत. होस्टेलचा तळमजला पाण्यात, विवाहित विद्यार्थ्यांची ट्रेलर-घरं वाहून गेली. 39 जण गेले, त्यात कितीतरी लहान मुलं. चौकशीत धरणाचे नकाशेच मिळाले नाहीत. नेमकं एक कारणही सांगता आलं नाही. पण खालचा उतार फार उभा होता, त्यावर झाडं वाढली होती आणि 1973 च्या एका फोटोत त्या उताराची माती घसरलेली दिसत होती. चार वर्षं आधी!

मातीचं धरण थोडं पाझरतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाझर गढूळ झाला किंवा अचानक वाढला तर मात्र आतली माती वाहतेय असं समजा. भरावावरची मोठी झाडं छान दिसतात, पण मुळं कुजली की पाण्याला आयती वाट मिळते. आणि सांडवा तुंबला तर पाणी माथ्यावरून जाणार. मातीला ते सोसत नाही. (सांडव्यात अडकलेली चिप्सची पाकिटं कुणाची, ते विचारू नका.)

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. तेही मातीचंच, आणि फार जुनंही नव्हतं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर चर्चा झाली ती खेकड्यांची. तेव्हा आपण मीम्स फॉरवर्ड केले. मीही केले.

2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. 10 ते 15 मीटरमधली काही अटींवर येतात, त्याखालची नाहीत. म्हणजे आपल्या वीकेंडची कितीतरी तळी यादीबाहेरच.

म्हणून यंदा एक फोटो त्या उताराचाही काढा. ओल, भेग, घसरलेली माती, काहीही दिसलं तर तारीख-ठिकाण लिहून ग्रामपंचायतीत किंवा तहसील कचेरीत द्या. आणि पोच मागून घ्या.