‘एकदाच पैसे भरा, सगळे चॅनेल फुकट’: टीव्ही सिग्नलच्या चोरीबद्दल खरं काय, खोटं काय?

नागपूर-अमरावती महामार्गावरच्या तळेगाव (श्यामजी पंत) सारख्या गावात घरांच्या छपरांकडे पाहिलं की छत्र्या दिसतात. कुणाची महिन्याला रिचार्जवाली, कुणाची फुकटवाली. आणि फुकट म्हटलं की शंका येतेच, ही चोरी तर नाही ना?

तर आधी हेच स्पष्ट करू. दूरदर्शनची डीडी फ्री डिश ही सेवा डिसेंबर २००४ पासून सुरू आहे. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदा केला की महिन्याला काही भरावं लागत नाही. सह्याद्री वाहिनी त्यावर दिसते. खासगी चॅनेल लिलावात पैसे मोजून त्यावर जागा घेतात. म्हणजे पैसे भरले जातात, फक्त ते तुम्ही भरत नाही. यात चोरी कसलीच नाही.

पण याच सेवेमुळे एक गोंधळही होतो. १ एप्रिल २०२२ ला स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल हे चॅनेल फ्री डिशवरून गेले. अशा वेळी लोकांना वाटतं, बॉक्स बिघडला. मग कुणी भेटतो आणि म्हणतो, ‘कोड टाकून देतो, सगळं दिसेल.’ फ्री डिशवर जो चॅनेल नाहीच, तो कुठल्याही कोडने येत नाही.

दुसरा गैरसमज म्हणजे ‘सिग्नल माझ्या छपरावर पडतो, मग तो माझाच.’ सिग्नल पडतो हे खरं. पण पैसे भरून बघायचे चॅनेल कुलूपबंद असतात आणि त्या कुलपाची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. ती किल्ली काढण्याचं काम तुमच्या बॉक्समधलं कार्ड करतं. ‘सगळे चॅनेल’वाल्या चोरट्या बॉक्सना एका खऱ्या कार्डातून निघालेल्या किल्ल्या इंटरनेटवरून पुरवल्या जातात. तिकडचा सर्व्हर बंद पडला, की इकडे पडदा काळा. पावती नाही, तक्रार करायला कस्टमर केअर नाही. पैसे गेले ते गेलेच.

मॅच रंगात आलेली असताना स्क्रीनवर मध्येच एक लांबलचक आकडा उमटून जातो, तो पाहिलाय? अनेकांना तो टीव्हीचा बिघाड वाटतो. खरं तर तो तुमच्या बॉक्सची किंवा कार्डाची ओळख असते. कुणी ते चित्र चोरून पुढे दाखवलं, तर कंपनी त्या आकड्यावरून मूळ कार्ड शोधते आणि बंद करते.

केबलची गोष्ट वेगळी होती. नव्वदच्या दशकात शेजारच्या वायरला जोड दिला की चित्र यायचं. पण मोठी गळती तिथे नव्हतीच. समजा केबलवाल्याकडे ५०० घरं आहेत आणि त्याने वर कळवली १००, तर उरलेल्या ४०० घरांचा हिशेबच नाही. ही घरं तर इमानदारीने पैसे भरत होती! ही लपवाछपवी थांबवणं हा डिजिटायझेशनचा एक हेतू होता. नागपूरसाठी ३१ मार्च २०१३, तर गावांसाठी ३१ मार्च २०१७ ही मुदत होती. आता वायर जोडली तरी बॉक्सशिवाय काही दिसत नाही.

कायदा काय म्हणतो? कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५-अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

आणि महिन्याचं बिल परवडत नसेल तर? १ फेब्रुवारी २०१९ पासूनच्या ट्रायच्या नियमांनुसार पे चॅनेल सुटे निवडता येतात. अख्खा पॅक घेण्याची सक्ती नाही. केबलवाल्याकडे चॅनेलची सुटी किंमत मागा आणि आजी बघते तेवढे दोन-तीनच ठेवा.