ई-बुक रीडर : यंत्र आधी की पुस्तके आधी?

ई-बुक रीडर विकत घ्यावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता यंत्राच्या निवडीचा वाटतो आणि म्हणून त्याची चर्चा पडद्याचा आकार, साठवणक्षमता आणि किंमत यांच्याभोवती फिरत राहते; परंतु मराठी वाचकापुरते बोलायचे तर तो खरे म्हणजे कोणती पुस्तके कोणत्या रूपात त्या यंत्रात शिरू शकतात, याचा प्रश्न आहे. ई-बुक रीडर म्हणजे केवळ वाचनासाठी बनवलेले, एका हातात मावणारे उपकरण. वनस्पती तुपाला जसे एके काळी सरसकट ‘डालडा’ म्हटले जाई, तसे बोलण्यात या उपकरणाला एका कंपनीच्या मालावरून ‘किंडल’च म्हटले जाते. ई-पुस्तके मोबाइलवरही वाचता येतात आणि मोबाइल बहुतेकांच्या खिशात आधीपासून असतो. तरीही हजारो रुपये खर्चून वेगळे यंत्र घ्यायचे, तर त्याला सबळ कारण हवे, आणि ते कारण त्याच्या पडद्याच्या रचनेत आहे.

मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश बाहेर टाकतो, तर ई-बुक रीडरचा पडदा कागदाप्रमाणे बाहेरून पडलेला प्रकाश परावर्तित करतो. या पडद्यामागचे ‘ई-इंक’ तंत्र अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केले आणि १९९७ मध्ये त्यावर आधारलेली कंपनी स्थापन झाली. या पडद्यात साधारण केसाच्या जाडीइतक्या लाखो सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रवात पांढरे आणि काळे रंगकण तरंगत असतात आणि त्या दोहोंवर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो, त्यामुळे खालून विद्युतदाब दिला की त्याच्या दिशेनुसार एका रंगाचे कण वर येतात आणि दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात. दाब काढून घेतल्यावरही कण जिथल्या तिथे राहतात, म्हणजेच उघडलेले पान तसेच ठेवण्यासाठी वीज लागत नाही, ती मुख्यतः पान उलटताना खर्च होते. एकदा भारित केलेले यंत्र आठवडेच्या आठवडे चालते, त्याचे रहस्य मोठ्या बॅटरीत नसून या स्थिरतेत आहे. भर उन्हात, अंगणात किंवा धावत्या एसटीच्या खिडकीशी, जिथे मोबाइलचा पडदा आरशासारखा चमकू लागतो, तिथे हा पडदा उलट अधिक स्पष्ट दिसतो.

असा पडदा असलेला पहिला व्यापारी रीडर सोनी कंपनीने २००४ मध्ये जपानात आणला, आणि १९ नोव्हेंबर २००७ रोजी ३९९ डॉलर किमतीचे पहिले किंडल अमेरिकेत विक्रीला आले, तेव्हा या वस्तूला खरा बाजार मिळाला. सुरुवातीच्या यंत्रांना अंधारात वाचता येण्याजोगा दिवा नव्हता. पुढे चौकटीत बसवलेल्या बारीक दिव्यांचा प्रकाश पानाच्या पृष्ठभागावर पसरवण्याची युक्ती आली. हा प्रकाश मोबाइलप्रमाणे पडद्यामागून डोळ्यांकडे येत नाही, तर पुढून पानावर पडतो. आज चांगल्या यंत्रांत दर इंचाला ३०० ठिपके असतात. देवनागरीसाठी ही बाब गौण नाही, कारण ‘ष्ट्य’ किंवा ‘द्ध’ यांसारख्या दाट जोडाक्षरांचे अवयव कमी ठिपक्यांच्या पडद्यावर एकमेकांत मिसळून जातात. या तंत्राच्या मर्यादाही त्याच्या रचनेतूनच येतात. कण द्रवातून सरकत असल्याने पडदा संथ असतो, चलचित्राला तो निरुपयोगी ठरतो, आणि आधीच्या पानाची पुसट छाया कधी कधी पुढच्या पानावर रेंगाळते. रंगीत ई-इंक उपलब्ध झाली असली, तरी तिचे रंग छापील मासिकाच्या मुखपृष्ठासारखे नसून धुतलेल्या कपड्यासारखे फिके असतात.

‘डोळ्यांना त्रास होत नाही’ हे विक्रेत्यांचे आवडते वाक्य मात्र जपूनच घेतले पाहिजे. निजण्यापूर्वी प्रकाश टाकणाऱ्या पडद्यावर वाचल्यास झोप लागायला उशीर होतो आणि मेलाटोनिन या निद्रेशी संबंधित संप्रेरकाचे स्रवण दबते, असे बॉस्टन येथील संशोधकांनी प्रयोगान्ती दाखवले आणि त्यांचा निबंध बराच गाजला. पण त्या प्रयोगातले उपकरण आयपॅड होते, ई-इंकचे नव्हे, आणि सहभागी व्यक्ती अवघ्या १२ होत्या. त्यामुळे तो निष्कर्ष ई-बुक रीडरच्या विरोधात वापरणे जितके चूक, तितकेच त्याच्या आधारे ई-इंक निर्धोक असल्याचे सांगणेही घाईचे. आकलनाविषयी आन मँगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अधिक उद्बोधक आहे: ५० वाचकांपैकी निम्म्यांनी एक दीर्घ रहस्यकथा किंडलवर आणि उरलेल्यांनी कागदावर वाचली, तेव्हा दोन्ही गटांचे एकंदर आकलन जवळपास सारखेच भरले, मात्र कोणती घटना आधी आणि कोणती नंतर घडली हे सांगण्यात कागदावरचे वाचक सरस ठरले. कागदी पुस्तकात डाव्या हाताखाली वाढत जाणारी आणि उजव्या हाताखाली घटत जाणारी पाने वाचकाला तो कुठवर आला आहे हे नकळत सांगत असतात, तसा आधार यंत्रात नसतो, असे त्याचे संभाव्य स्पष्टीकरण दिले जाते.

इथपर्यंतचे विवेचन कोणत्याही भाषेच्या वाचकाला लागू पडते. मराठी वाचकाची खरी अडचण यापुढे सुरू होते, आणि ती समजण्यासाठी ई-पुस्तकाची दोन रूपे वेगळी ओळखावी लागतात. पहिले रूप प्रवाही मजकुराचे: ईपब किंवा किंडलच्या स्वरूपातल्या फाइलमध्ये पान ठरलेले नसते, त्यामुळे वाचकाने अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. दुसरे रूप पीडीएफचे: ते छापील पानाचे जसेच्या तसे चित्र असते आणि त्यातली ओळ हलत नाही. मराठी कादंबऱ्या ज्या डेमी आकारात छापल्या जातात, ते पान सुमारे १४ सेंटिमीटर रुंद आणि साडेएकवीस सेंटिमीटर उंच असते. सात इंची पडद्यावर ते पूर्ण बसवायचे तर अक्षर सुमारे दोन-तृतीयांश उरते, आणि मजकूर ए-४ कागदावर मांडलेला असेल तर ते जवळजवळ निम्म्यावर येते. मोठे करून पाहावे तर पान पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीसाठी ते डावीकडे-उजवीकडे सरकवावे लागते, जे या संथ पडद्यावर अक्षरशः नकोसे होते.

आणि मराठीत फुकट व सहज मिळणाऱ्या ई-पुस्तकांचा फार मोठा भाग नेमका पीडीएफमध्येच आहे. ई-साहित्य प्रतिष्ठानने वाचकांपर्यंत विनामूल्य पोहोचवलेली पुस्तके असोत, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने संकेतस्थळावर ठेवलेले ग्रंथ असोत किंवा जुन्या दुर्मीळ पुस्तकांच्या छायाप्रती असोत, त्यांचे मोल निर्विवाद आहे, परंतु सहा-सात इंची रीडरवर ती वाचणे हे कष्टाचे काम आहे. याचे मूळ मराठी मुद्रणाच्या अलीकडच्या इतिहासात सापडते. संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाल्यानंतर अनेक वर्षे प्रकाशकांची पुस्तके श्री-लिपीसारख्या प्रणालींच्या अशा फॉन्टमध्ये जुळवली गेली, ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट बदलला की तोच मजकूर रोमन अक्षरांच्या निरर्थक रांगेसारखा दिसू लागतो. सर्व लिप्यांच्या प्रत्येक वर्णाला एक कायमचा क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक पद्धतीत तो मजकूर आणल्याशिवाय त्याचे प्रवाही ई-पुस्तक होत नाही, आणि ते रूपांतर झाल्यावर रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरे पुन्हा डोळ्यांखालून घालावी लागतात. एका मुद्रितशोधनाचे पैसे देतानाही हात आखडणाऱ्या व्यवसायात दुसरे मुद्रितशोधन कोण करणार, हा प्रश्न अवघड आहे. पीडीएफ काढून देणे हा त्यावरचा सोपा मार्ग झाला.

ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तकांचे दालन उघडले, तेव्हापासून मराठीतील प्रवाही पुस्तकांची संख्या वाढली हे खरे, परंतु त्यांची जुळणी सारख्या दर्जाची नाही. ती तपासण्याची एक साधी खूण म्हणजे ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांसारखे शब्द. यांतला अर्धा ‘र’ मराठीचा खास आहे आणि तो संगणकात दोन वेगवेगळ्या प्रकारे नोंदवता येतो. जुळणाऱ्याने काळजी घेतली नसेल तर ‘दऱ्या’च्या जागी ‘दर्या’ उमटतो आणि डोंगरातून वाचक थेट समुद्रात पोहोचतो. नोंदणी दोन प्रकारची असल्यामुळे एका प्रकारे लिहिलेला शब्द शोधताना दुसऱ्या प्रकारे लिहिलेला सापडत नाही, असेही घडते. ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदी पद्धतीची दिसणे हा त्या मानाने किरकोळ दोष, तरी मराठी वळणाला सरावलेल्या डोळ्यांना तो काही पाने खटकत राहतो. कवितेचा प्रश्न निराळाच आहे. अक्षर मोठे केले की ओवीचा किंवा मुक्तछंदातील दीर्घ ओळीचा शेवटचा शब्द खालच्या ओळीवर पडतो आणि कवीने केलेली मांडणी मोडते, म्हणून कवितासंग्रहासाठी ई-बुक रीडर घेणाऱ्याच्या पदरी निराशाच येण्याचा संभव अधिक. दिवाळी अंकांविषयी तर फार बोलायला नको. व्यंगचित्रे, सजावट आणि दोन-तीन रकान्यांची मांडणी हा ज्याचा प्राण, तो अंक करड्या छटांच्या लहान पडद्यावर अर्धाच पोहोचतो.

मराठी पुस्तके सगळीच एका दालनात मिळतात असेही नाही. बुकगंगासारख्या मराठी विक्रेत्याकडून घेतलेले ई-पुस्तक त्याच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचायचे असते आणि किंडलमध्ये बाहेरचे ॲप बसत नाही. ज्यांची खरेदी अशा ठिकाणांहून होते, त्यांच्यासाठी अँड्रॉइडवर चालणारी ई-इंकची उपकरणे हा पर्याय असतो, मात्र ती सहसा अधिक महाग असतात आणि त्यांची बॅटरीही साध्या रीडरइतकी टिकत नाही.

पैशांचा हिशेब तर बहुतेकदा यंत्राच्या विरोधातच जातो. एप्रिल २०२५ मध्ये भारतात आलेल्या सात इंची किंडल पेपरव्हाइटची किंमत १६,९९९ रुपये ठेवण्यात आली होती. छापील प्रतीऐवजी ई-प्रत घेतल्याने दर पुस्तकामागे शंभर रुपये वाचतात असे धरले, तरी ही रक्कम भरून निघायला १७० पुस्तके विकत घ्यावी लागतील, आणि महिन्याला एक पुस्तक वाचणाऱ्याला त्यासाठी चौदा वर्षे लागतील, तोवर ते यंत्र टिकेल याची शाश्वती नाही. स्वामित्वहक्क संपलेले साहित्य हा या हिशेबातला एक मोठा अपवाद. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांना खुले होते. त्यामुळे १९१९ मध्ये निधन पावलेले हरि नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी, तसेच १९५० मध्ये निधन पावलेले साने गुरुजी यांचे साहित्य आज कोणालाही विनामूल्य उपलब्ध करता येते. मराठी विकिस्रोतासारख्या प्रकल्पात असे जुने मजकूर युनिकोडमध्ये आणले जातात आणि ते ईपब रूपात उतरवून घेता येतात. २०२२ पासून ईपब फाइल किंडलवर पाठवण्याची सोयही आहे.

खरेदी केलेल्या ई-पुस्तकावर वाचकाची मालकी असते का, याचे उत्तर साधारणपणे ‘नाही’ असेच आहे. तो पैसे देतो ते वाचण्याच्या परवान्याचे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या, हक्कांविना विकल्या गेलेल्या आवृत्त्या अमेरिकी ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या आणि पैसे परत केले. त्या दोहोंपैकी एक, ‘१९८४’, नको असलेले लेख नष्ट करणाऱ्या सत्तेविषयी असावी, हा योगायोग कोणा लेखकालाही सुचला नसता. कंपनीने पुढे जाहीर माफी मागितली. मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दालन २०१९ मध्ये बंद केले तेव्हाही ग्राहकांना पैसे मिळाले, पुस्तके मात्र गेली. २६ फेब्रुवारी २०२५ पासून तर विकत घेतलेले किंडल-पुस्तक संगणकावर उतरवून घेऊन तारेने यंत्रात भरण्याची जुनी सोयही काढून टाकण्यात आली. आजोबांच्या कपाटातले पुस्तक नातवाच्या हाती पडते, शेजारी वाचायला नेतो आणि परत करायला विसरतो, हे सारे व्यवहार ई-पुस्तकाच्या बाबतीत जवळपास संपतात.

या सगळ्यातून यंत्र निरर्थक ठरते असे नाही. ते कोणासाठी सार्थ आहे, याचे वर्तुळ लहान होते, इतकेच. वर्षाकाठी तीस-चाळीस पुस्तके वाचणारा, त्यांतली बरीचशी इंग्रजीतून वाचणारा आणि कथा, कादंबरी, चरित्र अशा सलग गद्यात रमणारा वाचक या वर्तुळाच्या मध्यभागी आहे. परदेशातील मराठी वाचकाला छापील पुस्तकापेक्षा टपालखर्च जड होतो, तेव्हा त्याच्यासाठी वर दिलेला शंभर रुपयांचा हिशेबच बदलतो. परंतु सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी चर्चिला जाणारा लाभ ज्येष्ठ वाचकांचा आहे: मोतीबिंदूमुळे किंवा वयामुळे ज्यांना छापील अक्षर वाचवेनासे झाले आहे, त्यांना दोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाच्या यंत्रावर हवे तेवढे मोठे अक्षर मिळते आणि जाडजूड ग्रंथ छातीवर पेलण्याचा त्रासही वाचतो. याउलट स्पर्धा परीक्षांचा विद्यार्थी, तक्ते-नकाशे चाळणारा अभ्यासक किंवा पीडीएफचा संग्राहक यांनी तेवढ्याच पैशांत मोठ्या पडद्याचा टॅबलेट घेणे अधिक शहाणपणाचे.

निर्णयापूर्वीची चाचणी फुकट करता येते. गेल्या वर्षभरात वाचलेल्या दहा पुस्तकांची यादी करून त्यांतली किती प्रवाही रूपात विक्रीस आहेत हे मोबाइलवरच्या किंडल ॲपमध्ये शोधावे, जी सापडतील त्यांचे नमुन्याचे प्रकरण विनामूल्य उतरवून घ्यावे, अक्षर पुरेसे मोठे करून पाच-सहा पाने सलग वाचावीत आणि वाटेत एखादी ‘दरी’ अनेकवचनात भेटली, तर ती नीट उमटली आहे का ते पाहावे.