ओटीपर्यंत पोचणारं यंत्र

रत्नागिरीच्या जांभ्या कातळावरच्या बागेतलं हापूसचं जून पान जाड आणि चिवट असतं. त्यावर ऊन पडतं वरून, पण कार्बन डायऑक्साइड शिरतो खालून, कारण आंब्याची पर्णरंध्रं जवळजवळ सगळी पानाच्या खालच्या अंगाला असतात. उन्हाचा मोठा वाटा टिपणाऱ्या पेशी मात्र वरच्या थरात. त्यांच्यापर्यंत पोचायला या वायूला पानाची जाडी पार करावी लागते. प्रकाशसंश्लेषण मोजणाऱ्या यंत्राची खरी परीक्षा अशाच पानावर होते.

यंत्र बागेत नेता येतं. एक पेटी, नळ्या आणि पान धरणारा चिमटा. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रॉनच्या आसपासचे अवरक्त किरण शोषतो. चिमट्यातल्या कक्षात शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेतला फरक त्यावरून कळतो, आणि पानाने किती वायू घेतला ते निघतं. काम नाजूक आहे. माणसाच्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे दशलक्ष भागांत ४०,००० भाग कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेरच्या हवेत जेमतेम ४२०. मोजणाऱ्याचा श्वास हवा घेणाऱ्या नळीपाशी गेला तरी आकडा हलतो. आंब्याची जाड मध्यशीर चिमट्यात आली तर रबराच्या कडेला फट राहते आणि हवा गळते.

पान किती बाष्प सोडतं हेही यंत्र मोजतं. त्यावरून रंध्रं किती उघडी आहेत आणि आतल्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड किती असावा, याचा हिशेब मांडतं. बाहेर ४०० असेल तर आंब्यासारख्या झाडांत आत साधारण २८० निघतो. पण हा आकडा पोकळीतल्या हवेचा. कोकणातल्या घराच्या भाषेत सांगायचं तर यंत्राचा हिशेब ओटीपर्यंत येतो, माजघर त्याला दिसत नाही.

पुढची वाट पाण्यातली आहे: ओली पेशीभित्ती, पेशीपटल, पेशीद्रव, हरितलवकाचं आवरण. पाण्यात हा वायू हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू सरकतो. त्यामुळे रुबिस्को या विकरापर्यंत पोचताना तो आणखी विरळ होतो. जाड भित्तीच्या, सदाहरित पानांत ही घट सहसा जास्त असते.

१९८०मध्ये फार्कर, फॉन केमरर आणि बेरी यांनी प्रकाशसंश्लेषणाचं गणिती प्रारूप मांडलं. आजही जगभर तेच वापरतात. २००३मध्ये रियुनियन बेटावरच्या आंब्यासाठी ते बसवलं गेलं आणि फळाजवळच्या पानांची क्षमता जास्त असल्याचं दिसलं. मात्र हे प्रारूप वापरताना पोकळीतला आकडाच हरितलवकातला धरला, तर रुबिस्कोची क्षमता खऱ्यापेक्षा कमी निघते. वाट अरुंद असते आणि दोष विकरावर जातो.

बागायतदाराच्या दृष्टीने हा फरक मोलाचा आहे. पानातल्या नत्राचा मोठा हिस्सा रुबिस्कोत असतो. विकर कमी आहे असं वाटलं की नजर खताकडे वळते, पण खताने पेशीभित्ती पातळ होत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना ही जात दिली. अशा दोन जातींची पानं ताडून पाहतानाही फरक विकरात आहे की वाटेत, हे आधी ठरवायला हवं.

त्यासाठी मार्ग आहेत. वायूच्या मोजणीबरोबरच हरितद्रव्याची प्रतिदीप्ती मोजता येते, किंवा कार्बनच्या जड आणि हलक्या समस्थानिकांचं प्रमाण पाहता येतं. दोन्ही पद्धती कष्टाच्या आहेत. तरीही हापूसच्या पानाला मंद ठरवण्याआधी निदान एक तरी वापरलीच पाहिजे, कारण त्या निकालावर कोकणातल्या बागांचं खत, छाटणी आणि पुढच्या जातींची निवड ठरू शकते.