म्हातारपण लांबवणाऱ्या दोन गोळ्या

म्हातारपण लांबवील म्हणून हल्ली दोन औषधांचे नाव निघते. मेटफॉर्मिन आपल्या ओळखीचे. मॉरिशसमध्ये मधुमेह इतका पसरला आहे की ही गोळी पुष्कळ घरांत असते. दुसरे रॅपामायसिन, आपल्यासारख्याच एका बेटाचे. १९६४ साली कॅनडाच्या पथकाने रापा नुईची माती नेली. मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल व सहकाऱ्यांनी तिच्यातल्या जंतूपासून हे औषध वेगळे काढले. १९९९ पासून अमेरिकेत ते मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांना देतात.

२००९ साली वीस महिन्यांच्या, म्हणजे म्हाताऱ्याच, उंदरांना ते दिले गेले. शंभरातले नव्वद मरेपर्यंतचा काळ माद्यांत १४ आणि नरांत ९ टक्क्यांनी लांबला! मेटफॉर्मिनने २०१६ च्या तशाच प्रयोगात लक्षणीय वाढ दाखवली नाही.

उंदरांपुरते रॅपामायसिन पुढे. पण ते रोगप्रतिकारशक्ती दाबते, तोंडात फोड आणते. मेटफॉर्मिन १९५७ पासून माणसांच्या वापरात आहे. मात्र निरोगी माणसाचे आयुष्य वाढल्याचा पुरावा दोहोंपैकी एकाचाही नाही. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय आजोबांच्या डबीतली गोळी कोणी उचलू नये, असे आम्हांला वाटते. आजोबांना ती रोज लागते.