लेकीसाठी पळायचे बूट घेताना
ताईंनो, पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, आणि आपल्या लेकी सराव करतात भावाचे जुने बूट घालून! बूट सैल असला की पाय आत घसरतो, फोड येतात. गटातून कर्ज काढून महागडेच घ्या असं नाही, पण लेकीला दुकानात सोबत न्या. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा फुगतो. पळतानाचे मोजे घालूनच बूट बघा. पुढे बोटाच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच मात्र घट्ट. दुकानातच थोडं पळायला लावा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे. सराव डांबरी रस्त्यावर असेल तर सपाट, मऊ तळाचे घ्या. खोल खाचांचा तळ माळावर, चिखलात पकड देतो, पण डांबरावर लवकर झिजतो.